पोस्टींचा मूड मोजून डॉलर कळत नाही

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आंबा-कोळंबी निर्यातदारांच्या आणि बोटीवरच्या मंडळींच्या ग्रुपांत एक मजकूर फिरतोय: “सोशल मीडियाचा मूड मोजणारं सॉफ्टवेअर डॉलरची दिशा ८७ टक्के अचूक सांगतं, संशोधनाने सिद्ध. सिग्नल भाव हलण्याआधी येतो. मोबाइलवर खातं उघडा, रोज पाच पैसे पकडा.”

८७ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण डॉलरचा नाही. २०११ सालच्या त्या अभ्यासात ट्विटरच्या मूडवरून अमेरिकेच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक वर जाईल की खाली, एवढंच पाहिलं होतं. चाचणी डिसेंबर २००८ मधल्या १५ व्यवहार-दिवसांची. त्यांतले १३ बरोबर आले. मिरगाच्या पंधरा दिवसांवरून भाताचं पीक कोणी मोजत नाही.

मुळात मूड मोजायचा कोणाचा? “डॉलर चढला, बरं झालं” असं डॉलरमध्ये पगार घेणारा बोटीवरचा खलाशी लिहितो. “डॉलर चढला, वाट लागली” असं मुलीची परदेशातली फी भरणारा लिहितो. भाव एकच, पण सॉफ्टवेअर एकाला चांगला गुण देणार, दुसऱ्याला वाईट. शिवाय “रुपया कोसळला” हे वाक्य रुपयाला वाईट, पण डॉलर-रुपयाच्या भावाला चढतं. हे चिन्ह उलटवलं नाही की सगळे सिग्नल उफराटे निघतात. इंग्रजी शब्दयादीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘वाट लागली’ कळतच नाही.

‘आधी येतो’ हेही तपासून बघा. पोस्टची वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली असते, भावाची भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा. तो नीट जुळवला नाही, तर दुपारची पोस्ट सकाळची ठरते आणि कागदावर नफाच नफा दिसतो. वेळ जुळवा, मूड पाच-पाच मिनिटांच्या गटांत मोजा आणि तो त्याच गटातल्या नव्हे, पुढच्या गटातल्या भावाशी ताडा. लोक भाव हलल्यावर लिहितात, हे तेव्हा लक्षात येतं. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली. तो निर्णय कोणाच्या पोस्टमध्ये आधी येणार होता? रुपयाही रिझर्व्ह बँक डॉलर विकून-घेऊन सांभाळते, पोस्टी वाचून नाही.

आता पाच पैसे. एक्स्चेंजवर (चलनाच्या सौद्यांच्या बाजारात) डॉलर-रुपयाचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं एक माप, १,००० डॉलरचा; भाव पाच पैसे हलला तर ५० रुपये. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली तर घेणं-विकणं ४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ७.२०. उरले २.८०. खरेदी-विक्रीच्या भावात पाव पैशाचा फरक असला तरी २.५० गेले, आणि एक्स्चेंजचे शुल्क अजून बाकीच.

सगळ्यात घातक भाग खात्याचा. चलनाचे सौदे करवणाऱ्या परदेशी फॉरेक्स ॲपवर पैसे टाकणं फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात बसत नाही. अशा अनधिकृत ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, नाव तिथे नसलं म्हणून ॲप अधिकृत ठरत नाही. आपल्या एक्स्चेंजवरही ३ मे २०२४ पासून खरी परकीय चलनाची जोखीम असल्याशिवाय रुपयाचा सौदा करता येत नाही. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण जोखीम असावीच लागते.

देवगडच्या हापूसचं दिऱ्हमातलं (यूएईच्या चलनातलं) बिल ही खरी जोखीम आहे. दिऱ्हम डॉलरला ३.६७२५ ने बांधलेला, म्हणून बघायचा तो डॉलरच. बिलाची रक्कम आणि पैसे येण्याची तारीख घेऊन बँकेत फॉरवर्डचा, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आजच ठरवून ठेवायचा, दर विचारा. भारतातले व्याजदर चढे असल्याने तो सहसा आजच्या दरापेक्षा थोडा जास्तच मिळतो. फक्त तारीख सैल धरा: माल अडकून पैसे लांबले, तर करार मोडण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा खर्च निर्यातदाराच्या माथी येतो.