नागिणीचं तोंड-शेपूट जुळतच नाही

धाकट्या मावशीच्या छातीवर डाव्या बाजूला नागीण उठली आणि अर्ध्या दिवसात तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला. तुम्हालाही आला असेल. त्यात लिहिलं होतं: नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो. इंग्रजी औषधाने विष आत दबतं, म्हणून आधी तीन दिवस गेरू लावून झाडून घ्या. पेशंटला शिवलं तर आपल्यालाही होते. आणि डॉक्टरांनी कागदावर 'हर्पिस' लिहिलं असेल तर तो बाहेरख्यालीपणाचा रोग. खाली हात जोडलेले, 'पुढे पाठवा'. मावशी रात्रभर आरशासमोर उभी राहून फोड किती सरकले ते बघत होती. म्हणून हे लिहितोय.

तोंड-शेपटाचं आधी. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी, पाठीच्या कण्यालगत पडून राहतो. इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टरचा एक साधा जनरल प्रॅक्टिशनर, एडगर होप-सिम्पसन, याने १६ वर्षं आपल्याच पेशंटांच्या नोंदी ठेवल्या, नागिणीचे १९२ रुग्ण तपासले आणि १९६५ मध्ये हे मांडलं. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की तो विषाणू एखाद्या तंतूतून वर येतो आणि त्या तंतूच्या पट्ट्यातच फोड उठतात. डाव्या तंतूचा पट्टा कण्यापाशी सुरू होतो, छातीच्या मध्यावर संपतो. उजवीकडे जायला त्याला वाटच नाही. वेटोळं पुरं होणार कसं?

केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसाचे फोड कधीकधी अंगभर पसरतात, तेव्हा जिवाला धोका असतो, हे मान्य. तसा एखादा रुग्ण कुणी पाहिला असेल. पण तो धोका प्रतिकारशक्ती कोसळल्याचा.

गेरूचं मात्र वाचून डोकं फिरलं. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. ७२ तास म्हणजे तीन दिवस. नेमके तेच तीन दिवस हा मेसेज झाडणाऱ्याला देऊन टाकतो! फोड दोन ते चार आठवड्यांत बहुधा आपसूक सुकतात, श्रेय झाडणाऱ्याला जातं. मागे राहते ती कळ. काहींना महिनोन्‌महिने ब्लाउजचं कापडसुद्धा त्या जागी सहन होत नाही, तेव्हा झाडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. आणि फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, दृष्टीचा प्रश्न असतो.

शिवण्याबद्दल अर्धं खरं आहे. नागिणीपासून नागीण होत नाही. पण ज्याला कांजिण्या कधी आल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. मावशीच्या जाऊबाईंनी तिचं ताट-वाटी वेगळी काढली आणि त्याच दुपारी गरोदर सुनेला फोडांना औषध लावायला बसवलं. सुनेला कांजिण्या येऊन गेल्यात का, हे कुणी विचारलंच नाही. ताट राहू द्या. फोड कापडाने झाकून ठेवा, खाजवू नका, हात धुवा, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या न आलेली गरोदर बाई, अपुऱ्या दिवसांचं बाळ, केमोचा पेशंट यांच्यापासून लांब राहा. खपली धरली की संसर्ग संपला.

चारित्र्याबद्दल दोनच वाक्यं लिहिणार होतो, चार होतील. मावशीच्या कागदावर 'हर्पिस झोस्टर' होतं, म्हणजे नागीणच; लैंगिक संबंधातून पसरतो तो हर्पिस सिम्प्लेक्स. तो फोड नसतानाही पसरू शकतो. कंडोमने धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि फोड असताना संबंध टाळायचेच. त्याचाच पहिला प्रकार म्हणजे ओठांवर उठणारा जर, ज्याचा विषाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांच्या अंगात आहे, बहुतेकांना लहानपणीच लागलेला. ओठावर जर असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका, एवढं त्या मेसेजने सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, दोन डोस, भारतात २०२३ पासून मिळते. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. महाग आहे खरी, आणि नागीण उठलेली असताना देत नाहीत, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.