खुलासा: व्हेनिसची मैफल आणि ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा ‘डेलिकेट साउंड ऑफ थंडर’ हा अल्बम व्हेनिसच्या पाण्यावर झालेल्या मैफलीत ध्वनिमुद्रित झाला असून त्यात बँडचे मूळ बेसवादक रॉजर वॉटर्स वाजवत आहेत, असा मजकूर सध्या फिरत आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

हा अल्बम नोव्हेंबर 1988 मध्ये प्रसिद्ध झाला, तर व्हेनिसची मैफल 15 जुलै 1989 रोजी, म्हणजे त्यानंतर जवळपास आठ महिन्यांनी झाली. अल्बमचे ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1988 मध्ये न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडच्या नासाऊ कोलिझियममध्ये झाले होते. वॉटर्स यांनी 1985 मध्येच बँड सोडला होता. कान देऊन ऐकल्यास ‘मनी’ या गाण्याच्या सुरुवातीची ती ओळखीची बेस गिटार येथे गाय प्रॅट यांची आहे.

घोळ का होतो, हे मात्र समजण्यासारखे आहे. सेंट मार्क चौकासमोर तरंगत्या तराफ्यावर उभारलेला रंगमंच, भोवती होड्यांची दाटी आणि काठावर सुमारे दोन लाख श्रोते, हे दृश्य एकदा पाहिले की बँडच्या त्या काळातील दौऱ्याचे प्रत्येक ध्वनिमुद्रण तिथलेच वाटू लागते. दुसऱ्या दिवशी चौकात साचलेल्या कचऱ्यावरून व्हेनिसमध्ये मोठे राजकीय वादळ उठले, हे खरेच आहे. फक्त त्याचा या अल्बमशी काही संबंध नाही.