पोरगी गेम शिकते म्हणजे नक्की काय करते

साखरपुड्याच्या पंगतीत दुसरी जिलबी ताटात पडायच्या आत भाऊजींनी विचारलं, "वहिनी, पोरगी काय करते हल्ली?" भाऊजी म्हणजे ह्यांचे मामेभाऊ. माणूस वाईट नाही, पण पंगतीत बसला की त्याला प्रेक्षक लागतात. मी म्हटलं, "डिझाईन शिकते." "कपड्यांचं?" "नाही." "मग इंटेरिअर?" शेवटी म्हणावंच लागलं, "गेम डिझाईन. बी.डेस., म्हणजे डिझाईनच्या पदवीचं तिसरं वर्ष." त्यांनी मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला आणि चार ताटांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! आम्ही पोरांच्या हातातून मोबाईल काढून घ्यायचा आणि तुम्ही फी भरून हातात द्यायचा!"

सगळे हसले. मीही हसले. त्याचाच राग येतोय, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलेय.

पुढे आणखी, "आणि गेमवर तर सरकारनं बंदी घातली ना? पेपरात आलं होतं की!" अहो भाऊजी, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर. रमीच्या त्या जाहिराती आठवतात ना, त्यांच्यावर. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेम्सच्या स्पर्धांना, आणि पैसे न लावता खेळायच्या गेम्सना प्रोत्साहन द्यायचंही लिहिलंय. ते कोण वाचणार? आणि बोलतोय कोण, तर दर दिवाळीत गच्चीवर तीन पत्तीचा डाव मांडणारा माणूस! तिकडे त्यांची बायको मांडवाच्या खांबाला टेकून मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडत होती. त्या गोळ्या कुठे ठेवायच्या, किती चालींनंतर तुम्हाला हरवायचं आणि हरल्यावर पुन्हा खेळावंसं का वाटावं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं भाऊजी. ते आभाळातून पडत नाही.

असो. आता सांगतेच, ती काय करते ते.

गेल्या सेमिस्टरला तिला एक बोर्ड गेम करायचा होता. मोबाईल नाही, कॉम्प्युटर नाही. आधी कागदावर. तिच्या भाषेत पेपर प्रोटोटाइप. तिनं विषय घेतला १९७२ चा दुष्काळ, कारण घरात त्या दुष्काळातून आलेली जिवंत बाई आहे. माझी आई. माण तालुक्यातली. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं आणि खडी फोडायला जायची. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की कानाआड करायची सवय झाली होती. लेकीनं मात्र तीन रात्री आजीच्या उशाशी बसून वहीत लिहून घेतलं. विहीर किती लांब, किती घागरी, शेरडू कधी विकलं, कोणाची शाळा सुटली.

मग जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट आखला. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं. पाणी म्हणजे चिंचोके, एक चिंचोका एक घागर. फासे सापशिडीच्या जुन्या डब्यातले. खेळायला आई, मी, हे आणि शेजारचा आठवीतला पोरगा. लेक स्वतः खेळणार नाही. ती कोपऱ्यात वही घेऊन बसणार आणि बोलणार नाही. हा म्हणे त्यांच्याकडचा कडक नियम आहे. खेळणारा अडला, चुकला, वैतागला तरी करणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, कारण उद्या खेळ दुकानात गेला की समजावून सांगायला तू तिथे असणार नाहीस. आई दर मिनिटाला, "अगं सांग की, आता काय करू?" आणि लेक ओठ दाबून लिहितेय. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

पाच-सहा डाव झाल्यावर आईच म्हणाली, "ही कसली इहीर? समद्यांचीच घागर भरतीय. दुष्काळ हाय का जत्रा?" झालं होतं असं की, पटावर विहीर घरापासून बरोबर सात चौकोनांवर होती. दोन फासे टाकले की छत्तीस प्रकारांनी पडू शकतात आणि त्यातले सहा प्रकार सातचे. सगळ्यात जास्त पडणारी बेरीज तीच. लेकीला हे वर्गात शिकवलेलं, तरी पटावर आखताना निसटलं. आईला फळ्यावरचं काही माहीत नाही, पण आयुष्यभर सारीपाट आणि कवड्या खेळलेली बाई, तिला बोटांना कळलं. विहीर अकरावर गेली. अकरा पडायचे छत्तीसात दोनच प्रकार. मग पाणी खरंच मिळेना.

हे शिक्षण नाही? माझ्या बँकेत पंचवीस वर्षं काउंटरला बसून मला शक्यता म्हणजे काय हे इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

आता कोणीतरी खाली लिहिणारच की नोकरीचं काय. मान्य. फी जबरी आहे. खाजगी कॉलेजांच्या जाहिरातींतली पॅकेजं वाचून आम्हीही एका ठिकाणी भुललो होतो. तिथली 'गेमिंग लॅब' बघायला गेलो तर रांगेनं खुर्च्या आणि निम्म्या मशीनवर प्लास्टिक तसंच. परत आलो. आणि हो, २०२३-२४ मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसं काढली, तेही वाचलंय मी. आपल्याकडचं बरंचसं काम अजून परदेशातल्या गेम्ससाठी झाडं, दगड, तलवारी काढून द्यायचं असतं. ठीक. पण इंजिनिअरिंगच्या पोरांना काय कोणी स्टॅम्पपेपरवर नोकरी लिहून देतं का? तिथे प्रश्न नाही, इथेच का?

लेकीनं बारावीनंतर यूसीड ही प्रवेश परीक्षा दिली. आयआयटी मुंबई घेते ती, बी.डेस.साठी. थोडक्यात हुकली. तेव्हा मी काय म्हटलं होतं ते तिला आठवत असणार, पण ती कधी काढत नाही. मी म्हटलं होतं, "बरं झालं, आता तरी डोकं ठिकाणावर येईल."

हे लिहिताना बोट थांबलं जरा.

खरं तर राग भाऊजींवर कमी आहे. मी पहिल्यांदा "डिझाईन" एवढंच म्हटलं ना? बँकेतही गेली दोन वर्षं "कॉम्प्युटरचं काहीतरी करते" असंच सांगतेय. मॅनेजर मॅडमनी एकदा खोदून विचारलं तर "सॉफ्टवेअरच" म्हणून मोकळी झाले. पोटच्या पोरीच्या अभ्यासाची लाज वाटत होती मला. भाऊजींनी मोठ्यानं म्हटलं, मी मनात म्हणत होते, इतकाच फरक.

तर पट. त्याच्याकडेच परत येते, कारण पंगतीत हेच सांगायचं होतं आणि जिभेवर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीचा डाव. शेजारच्या पोराची वेळ वाईट चाललेली. त्याच्याकडे 'घरात तान्हं बाळ' असं कार्ड आलेलं, म्हणजे दर फेरीला एक घागर जास्त लागणार, आणि हातात एकही चिंचोका नाही. त्याचं शेरडू विकलं जाणार होतं. आईनं आपले तीन चिंचोके मोजले, दोन उचलले आणि मुकाट त्याच्यापुढे सरकवले. पोरगा म्हणाला, "आज्जी, असं नाही चालत, नियमात नाही." आई म्हणाली, "नियमात नसंल. त्याच्या घरात तान्हं हाय न्हवं?" आणि मग लेकीकडे बघून, "बाहत्तरला आमी असं केलं नसतं तर निम्मी आळी उरली नसती. तुजा नियम चुकलाय."

लेकीचं पेन थांबलं. बोलायचं नाही हा नियम, म्हणून बोलली नाही. खाली मान घालून लिहीत राहिली आणि तिचा हनुवटीचा भाग थरथरत होता. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले.

आई ते दिवस सांगायची तेव्हा आम्ही ऐकून सोडून द्यायचो. पटावर बसल्यावर मात्र ती सांगत नव्हती, करत होती. इंटरॅक्टिव्ह, इंटरॅक्टिव्ह असं लेक सारखं म्हणते, मला तो शब्द त्या दोन चिंचोक्यांपाशी कळला.

आणि गंमत पुढेच आहे. तिनं "पाणी देता येतं" असा नियम घातला, तर खेळ साफ पडला. सगळेच सगळ्यांना देऊ लागले, कोणाचं काही बिघडेना, अर्ध्या तासात जांभया. ती रडकुंडीला आली. आठ वेळा नियम बदलले. शेवटी पुन्हा आईच, तांदूळ निवडता निवडता, "देणाऱ्याला कळ लागंल असं कर की." आता जो पाणी देतो त्याला पुढची फेरी रिकाम्या हातानं चालावं लागतं. आता प्रत्येक जण देताना थांबतो. ह्यांनी एकदा दिलं नाही आणि रात्री जेवताना गप्प होते!

आपल्याकडे हे सगळं होतंच की. लहानपणी गल्लीत धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' करून खेळात घ्यायचो. तो आऊट व्हायचा नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण तो खेळात असायचा. नवख्याला सांभाळून कसं घ्यायचं, यावर लेकीला अख्खं एक असाइनमेंट होतं. तिनं कच्च्या लिंबावर लिहिलं. सापशिडीचा मूळ पट आपण मोक्षपट म्हणून ओळखतो, त्याचं नातं परंपरेनं ज्ञानेश्वरांशी लावतो आणि किती अभिमानानं सांगतो. मग आज एखादी पोरगी नवा पट आखायला बसली की तीच माणसं विचारतात, दिवसभर गेमच खेळते का?

भाऊजींसाठी आणखी थोडं, कारण त्यांना नावं लागतात. अमेरिकेत डिजिपेन नावाच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये प्रोजेक्ट म्हणून एक गेम केला. व्हॉल्व्ह या गेम कंपनीनं तो पाहिला, पोरांनाच कामावर घेतलं आणि त्यातून २००७ मध्ये 'पोर्टल' हा गाजलेला गेम आला. आणि आपल्या पुण्यातली नॉडिंग हेड्स गेम्स. किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर, पैसे मागितले, जमले नाहीत, तरी रेटत राहिले आणि २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढलाच. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमनी केलेल्या, गेम्समध्ये त्याला नामांकन होतं. २०२५ मध्ये तर मुंबईत या विषयांसाठी केंद्र सरकारच्या पुढाकारानं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. आता सरकारी शिक्का बसला म्हटल्यावर दोन वर्षांत भाऊजी स्वतः फोन करतील, "वहिनी, आमच्या धाकट्याला कुठे घालावं?" सांगीन. चिडून का होईना, सांगीन.

आत्ता लेकीचा मेसेज आलाय. पट आता कॉम्प्युटरवर चढवतेय, युनिटी नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. विहिरीचं पाणी खाली जाताना दोराचा आवाज कसा बदलेल, ते आज्जीला विचारून ठेव म्हणे. आई झोपलीय. सकाळी विचारीन.

आणि एक काम आहे तुम्हा सगळ्यांकडे. फासे काढून टाकायचं ठरलंय, आज्जीच्या म्हणण्यानुसार कवड्या हव्यात. कवडी नाण्यासारखी सरळ निम्मी-निम्मी पडत नाही, म्हणून लेक शंभर-शंभर वेळा टाकून उताणी किती, पालथी किती हे मोजणार आहे. बाजारात मिळतात त्या नको म्हणते, वापरून गुळगुळीत झालेल्या पाहिजेत. कोणाच्या आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यात, जुन्या बटव्यात बारा-पंधरा पडून असतील तर इनबॉक्स करा. काम झालं की मोजून परत करीन.