मुरबाडच्या पोल्ट्रीवाल्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

पोल्ट्रीत राबणाऱ्यांच्या छातीचा नीट अभ्यास व्हावा आणि शेतकऱ्यांनी त्यासाठी शेडचं दार उघडावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता: "ठाण्यात फ्लॅटमध्ये बसून लिहायला काय जातं? पोरं येतात, फॉर्म भरून घेतात, परत तोंड दाखवत नाहीत. पेपरात काही आलं की भाव आमचा पडतो. मास्क लावून तासभर काम करून दाखवा. आणि वास म्हणाल, तर आम्हाला येतच नाही."

फॉर्मचं आणि भावाचं तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते लेखात यायला हवं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा किलोमीटरभरातले सुमारे २५ हजार पक्षी मारायचं ठरलं. त्याआधी २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो या नुसत्या अफवेने चिकनला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हे सोसलेला माणूस वही घेऊन आलेल्याला गेटवरूनच परत पाठवणार. शेडचं नाव कुठे जाणार नाही आणि निकाल आधी शेतकऱ्याच्या हाती येईल, हे लेखी मिळाल्याशिवाय सही करूच नका.

पण "वास येत नाही" हे वाचून मला झोप लागली नाही. माझा मामा शहापूरकडे कंपनीच्या करारावर कोंबड्यांची बॅच वाढवायला घेतो. गेल्या पावसाळ्यात लिफ्टिंगच्या, म्हणजे तयार पक्षी उचलून नेण्याच्या आधी गेलो होतो. पडदे बंद, पक्ष्यांना पाणी देणारे दोन निपल गळत होते, खाली अंथरलेलं भाताचं तूस चिखलासारखं थापलं गेलेलं. मामी तोंडाला पदर बांधून ते उकरत होती. दारातच माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती विचारते, "कसला वास रे?" ओल्या तुसात विष्ठा कुजली की अमोनिया सुटतो आणि नाकाला त्याची सवय होते. अमेरिकेत कामाच्या जागी दिवसभरासाठी २५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) मर्यादा सुचवलेली आहे. मामीच्या शेडमध्ये तेवढा होता की दुप्पट, हे तिच्या नाकाला कळणार नाही, ते मोजावंच लागतं. त्याच सकाळी चार पक्ष्यांचे डोळे सुजलेले दिसले, तर मामाने लगेच सुपरवायझरला फोन लावला. मामी दोन वर्षं पहाटे खोकतेय, तिला अजून कुणी डॉक्टरकडे नेलेलं नाही.

मास्कचंही तुम्ही बरोबर बोललात. एन-९५ धूळ अडवतो, पिसांचा भुगा अडवतो, अमोनिया नाही. त्यावर इलाज गळती बंद करणं, ओलं तूस काढून टाकणं आणि पडदा वरून वीतभर खाली सोडणं. हे न सांगता नुसते मास्क वाटणाऱ्यांवर तुम्ही चिडलात, तर मी तुमच्या बाजूने आहे.

अमोनिया मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, ओल्या करून धरल्या की रंग बदलतो. तुमची हरकत नसेल तर बॅचच्या पाचव्या आठवड्यात घेऊन येतो. पट्टी तुम्हीच धरा, आकडा तुमच्याच वहीत राहू दे. एकच विनंती, शेडमध्ये रोज तूस कोण उकरतं ते आधी कळवा. त्या माणसाशी मला बोलायचंय.