‘ऐकू येतं, पण लक्षच देत नाही’ हे निदान नव्हे

अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) असलेल्या मुलांच्या पालकांना हा सल्ला हमखास मिळतो: ‘श्रवणचाचणी नॉर्मल आली ना? मग मूल लक्षच देत नाही. मोठ्याने बोला, पहिल्या बाकावर बसवा, गोंगाटाची सवय लावा.’

‘चाचणी नॉर्मल आहे.’ असेलही. पण ती ध्वनिरोधक खोलीत, हेडफोनमधून एकेक सूर ऐकवून घेतात. किती हळू आवाज ऐकू येतो, एवढंच त्यातून कळतं. कुजबुज आणि खुर्च्यांच्या खरखरीतून शिक्षकांचा आवाज वेगळा काढता येतो का, यासाठी गोंगाटातली वाक्यचाचणी वेगळी मागावी लागते.

‘मनात असलं की बरोबर ऐकतो.’ शांत खोलीत समोरासमोर ऐकतो आणि वर्गात गडबडतो, यावरून तर गोंगाटाचीच शंका घ्यायला हवी. अर्धवट ऐकू आलेला शब्द अंदाजाने पुरा करताना कार्यकारी स्मृती, म्हणजे ऐकलेलं थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता, खर्ची पडते, आणि यातल्या अनेक मुलांची तीच कमकुवत असते. ‘वही काढा, तारीख लिहा, तिसरं गणित सोडवा’ म्हटल्यावर मूल वही काढून नुसतं बसतं. त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. अवधानाची अडचण सोबत असू शकते, आणि अध्ययन अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला गोंगाटाचा त्रास होतोच असंही नाही. म्हणूनच अंदाज नको, तपासणी हवी.

‘मोठ्याने बोला.’ ओरडल्यावर स्वर फुगतात, व्यंजनं तितकी वाढत नाहीत. ‘पाठ’ की ‘काठ’ हे ठरवणारा सुरुवातीचा क्षणभराचा आवाज दबलेलाच राहतो, वर खोली घुमते. किंचित सावकाश, मुलाकडे तोंड करून, एका वेळी एकच सूचना द्या.

पहिला बाक अर्धाच उपाय आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे जवळ बसण्याचा फायदा खरा. पण शिक्षक फिरतात, फळ्याकडे वळतात. बाक दाराशी असेल तर बाहेरचा कलकलाटही कानावर. मुलाच्या कानाशी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वर असावा, असं मानलं जातं. तेवढा फरक बहुधा शिक्षकांचा आवाज थेट मुलाच्या कानातल्या रिसीव्हरपर्यंत पोचवणाऱ्या वायरलेस माइकनेच साधतो. माइक तोंडापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर लावावा. तो ओढणीला किंवा माळेला घासला की मुलाच्या कानात नुसती खरखर जाते. गटचर्चेत बोलणाऱ्या मुलाच्या हाती तो द्यायचा राहतो, ही नेहमीची चूक.

‘सवय होईल.’ नुसत्या गोंगाटात बसवून हे कौशल्य येत नाही. गोंगाटात ऐकण्याची क्षमता सर्वच मुलांमध्ये किशोरवयापर्यंत घडत असते. तोवर गोंगाट कमी करणं मोठ्यांचं काम: खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, शिकवताना दार बंद, भिंतीवर कापडी फलक.