बाग सांभाळायची आहे? मग आधी कुलूप काढा

पुण्यातल्या महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडतात, दहा-अकराला बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. मधल्या वेळात फाटकाला कुलूप. आमच्या भागातल्या बागेचंही तेच. आता बागेची देखभाल करणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर नवा प्रस्ताव आलाय: संध्याकाळीसुद्धा ओळखपत्र बघूनच आत सोडायचं. म्हणजे फक्त आसपासच्या सोसायट्यांतल्या लोकांना. का, तर 'बाहेरची' पोरं हिरवळ तुडवतात आणि बाकांवर कोणीही येऊन आडवं होतं. भराभर अंगठे पडले. माझा याला ठाम विरोध आहे. ग्रुपवर तो दोन ओळींत उरकला गेला, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी आम्ही तिथे काय करतो ते सांगते, कारण त्या कामावर माझा जीव आहे. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत बागेत पाचोळ्याचा खच पडतो. पूर्वी तो कोपऱ्यात लोटून काडी लावली जायची आणि शेजारच्या इमारतीतल्या दमेकऱ्यांचे हाल व्हायचे. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, डिसेंबर 2016 मध्येच बंदी घातली आहे; साध्या प्रकाराला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000 रुपये दंड. पण नुसता दंडाचा धाक दाखवून पाचोळा कुठे जाणार? म्हणून आम्ही तारेच्या जाळीचे गोल उभे केले. शिरीषाची, वर्षावृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, वडाची जाड पानं दाद देत नाहीत, त्यांचा गोल वेगळा. एक थर पानांचा, वर शेणकाला, मग पाणी. हे आम्हाला शिकवलं बागेत कंत्राटावर काम करणाऱ्या मावशींनी. "ताई, नुसती टाकू नका, पायाने तुडवा. पोकळ राहिलं की कुजत नाही." काही दिवसांनी ढिगात हात घातला की आत चांगली ऊब लागते. कमरेएवढा ढीग हळूहळू गुडघ्याखाली येतो आणि तळाला काळंभोर, भुसभुशीत खत तयार होतं. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास त्याला असतो.

झाडांचे खिळेही काढतो. 'आंघोळीची गोळी' संस्थेच्या तरुणांनी पुण्यात सुरू केलेल्या खिळेमुक्त झाडांच्या मोहिमेवरून ते उचललं. क्लासच्या जाहिराती, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या... पाटी कधीच उडून गेलेली असते, खिळा मात्र सालीत गंजत असतो. बुंध्याला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉकही आता उद्यान विभागाला सांगून काढून घ्यायचेत. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, असं हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात 2013 मध्ये सांगितलं होतं. आपल्याकडे अजून बुंध्याच्या गळ्याशी सिमेंट असतं.

हे सगळं आम्ही आपखुशीने करतो. म्हणून बाग आमच्या नावावर झाली का? जागा महापालिकेची. पाणी, वीज, मावशींची मजुरी सगळं शहराच्या पैशातून. त्या शहरात पलीकडच्या वस्तीतलं, जेमतेम दोन खोल्यांच्या घरात राहणारं पोरही येतं. आमच्याकडे निदान सोसायटीचं पार्किंग तरी आहे. त्याला धावायला ही एकच हिरवळ आहे. तुडवली गेली तर पुन्हा लावू, हिरवळ उगवते.

मुंबईत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर गाजला. मोकळे भूखंड देखभालीसाठी संस्थांच्या ताब्यात दिले, त्यातल्या काहींवर क्लब उभे राहिले आणि सामान्य माणसाला फाटकापाशीच थांबावं लागलं. नागरिकांनी आवाज उठवला, आणि जानेवारी 2016 मध्ये असे भूखंड संस्थांना दत्तक देण्याच्या महापालिकेच्या धोरणाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. आमची बाग त्यापुढे चिमूटभर. पण रखवालदाराने ओळखपत्र मागायला सुरुवात केली की रस्ता तिकडेच जातो.

मला तर दुपारचं कुलूपही नको आहे. एप्रिलमध्ये एक वाजता कधी आमच्या फाटकापाशी येऊन बघा. एका घरचं धुणंभांडं आटोपून दुसऱ्या घरी जाण्याआधी दोघी-तिघी फुटपाथवर डबा उघडून बसलेल्या असतात. डोक्यावर पदर, पाठीला तापलेली भिंत. जेवण पोचवणारी मुलं गाडीवरच मान टाकून पडलेली असतात. आणि भिंतीच्या आत करंजाची गार सावली, रिकामे बाक, पाण्याचा नळ. करंज पुण्याच्या उन्हाळ्यात कोवळ्या पानांनी भरून येतो, ऐन गरजेच्या वेळी सावली देतो. ती सावली ज्यांना सगळ्यात जास्त हवी, त्यांच्या वेळेलाच आपण कुलूप घालतो. याचा मला संताप येतो.

"मग दारूच्या बाटल्या, तोट्यांची चोरी?" हा आक्षेप खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. आमच्या तोट्या गेल्याच आहेत. पण त्या गेल्या कुलूप असताना, भिंतीवरून उडी मारून. ज्या बागेत चार माणसं डबा खात बसलेली आहेत, तिथे पाना घेऊन नळ खोलायची हिंमत सहसा कोणी करत नाही. वर्दळ हाच बागेचा पहारा आहे. शिवाय आपल्या ग्रुपमध्ये निवृत्त मंडळी भरपूर आहेत. मार्च ते जून दुपारची एकेक पाळी वाटून घेतली तर कोणालाही जड जाणार नाही. मी बुधवार घेते.

बाग उन्हाळाभर दिवसभर उघडी ठेवावी, अशा पत्राचा मसुदा उद्यान विभागासाठी तयार केला आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला तो घेऊन पाचोळ्याच्या गोलांपाशी थांबते. पटत असेल तर सही करायला या. पटत नसेल तरीही या, समोरासमोर बोलू. येताना जुने हातमोजे आणा, आणि ज्यांच्या ओळखीत गोठा असेल त्यांनी बादलीभर शेण आणा. जाड पानांचा गोल अजून नुसताच पडून आहे.