फाशांचे पैसे आणि दानपेटी

गेल्या महिन्याभरात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सात-आठ जणांनी मला एकच मेसेज पाठवला. मेसेज लांबलचक आहे, पण मुद्दे पाचच. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ म्हणजे सैतानपूजेचं दार. त्यात मुलं खरे मंत्र शिकतात. या खेळापायी अमेरिकेत कित्येक मुलांनी जीव दिला. म्हणूनच 2008 मध्ये एका ख्रिस्ती बालसंस्थेने या खेळातून आलेले हजारो डॉलर नाकारले. आणि शेवटी, अशुद्ध कमाई देवाच्या घरात आणू नये असं शास्त्रच सांगतं.

एरवी मी असल्या फॉरवर्डना उत्तर देत बसत नाही. या वेळी देतोय, कारण त्याचा फटका घरात बसला. माझा भाचा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आणि त्याच्या पाच मित्रांनी दिवसभर हा खेळ ठेवला, खेळायला येणाऱ्यांकडून शंभर-शंभर रुपये घेतले, बहिणीने केलेला चिवडा आणि चहा विकला. 9,200 रुपये जमले. मुलांच्या एका वसतिगृहाला थंडीच्या आधी ब्लँकेटं घेऊन द्यायची होती. तो पाकीट घेऊन चर्चच्या कमिटीकडे गेला, तर तिथे हा मेसेज आधीच पोचलेला. ‘नंतर बघू’ म्हणून त्याला परत पाठवलं. घरी येऊन पाकीट टेबलावर ठेवत त्याने विचारलं, “मामा, आम्ही काय वाईट केलं?”

आता मंत्रांपासून सुरुवात करतो, कारण हा खेळ एकदाही न पाहिलेल्या माणसालाच तो मुद्दा पटू शकतो. खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी धर्मगुरू, कोणी जादूगार. अवघड काही करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. भाच्याच्या जादूगाराने त्या दिवशी आगीचा गोळा फेकला, तो मी शेजारी बसून पाहिला. नियमपुस्तकात लिहिलंय की या जादूला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. ज्याला बंदुकीची दारू कशी बनते हे ठाऊक आहे, त्याला यातली गंमत लगेच कळेल. उच्चारायचा मंत्र पुस्तकात नाहीच. ‘जादूगार काही शब्द पुटपुटतो’ एवढ्यावर काम भागतं. मग पोराने सहा बाजूंचे आठ फासे ओंजळीत घेऊन टेबलावर सोडले आणि सगळे मिळून बेरीज करायला लागले. सत्तावीस. कागदावरचे राक्षस कागदावरच मेले. इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं जाळली हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा दाखलाही दिलाय. पण त्या पुस्तकांवर लोकांचा विश्वास होता, ती वापरून ते जादूटोणा करत होते. इथे टेबलाभोवतीच्या सहापैकी एकाचाही त्या आगीच्या गोळ्यावर विश्वास नाही.

सैतानाचा मुद्दा थोडक्यात. पुस्तकात सैतान आणि दुष्टात्मे आहेत, हे खरं. खेळाच्या 1977 च्या राक्षसकोशात अस्मोदेव हा दुष्टात्मासुद्धा आहे. पण आहेत ते शत्रू म्हणून, ज्यांच्याशी लढायचं ते. ओरड इतकी झाली की 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने ‘सैतान’ आणि ‘दुष्टात्मा’ हे शब्दच गाळून टाकले. ज्याने डेव्ह आर्नेसनबरोबर 1974 मध्ये हा खेळ काढला, तो गॅरी गायगॅक्स स्वतः ख्रिस्ती होता. या खेळाच्या सर्वांत गाजलेल्या कथामालांपैकी एक रचणारा ट्रेसी हिकमन तरुणपणी मॉर्मन मिशनरी म्हणून इंडोनेशियात राहून आला होता. मेसेजमधल्या गोष्टीत एका मुलीचं पात्र खेळात मरतं म्हणून ती जीव देते आणि तिच्या मैत्रिणीला खऱ्या जादूटोण्याची दीक्षा मिळते. ही घडलेली गोष्ट नाही. जॅक चिक या अमेरिकन ख्रिस्ती व्यंगचित्रकाराने 1984 मध्ये छापलेल्या एका चित्रपत्रिकेतली ती कल्पित कथा आहे. पाठवणाऱ्यांनी ती सत्यघटना म्हणून पाठवली आहे.

आता मृत्यू. इथे घाई करता येत नाही, कारण या मुद्द्यामागे खरी मुलं आहेत आणि खरे आईबाप आहेत.

1979 च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतून जेम्स डॅलस एग्बर्ट नावाचा 16 वर्षांचा, विलक्षण हुशार विद्यार्थी नाहीसा झाला. विद्यापीठाखाली वाफेच्या नळांची भुयारं आहेत. घरच्यांनी लावलेल्या विल्यम डिअर या खासगी गुप्तहेराने शंका बोलून दाखवली की पोरगा तिथे हा खेळ खेळताना हरवला असेल. वर्तमानपत्रांना एवढं पुरलं. महिन्याभराने मुलगा लुइझियानात सापडला. खरं कारण एकटेपण, आईवडिलांच्या अपेक्षांचं ओझं, नशेचे पदार्थ आणि आयुष्यच नकोसं होणं हे होतं. भुयारात तो खेळायला नव्हे, जीव द्यायला गेला होता. पुढच्या वर्षी त्याने ते केलंच. त्याला शब्द दिला होता म्हणून डिअर गप्प राहिला, आणि 1984 मध्ये पुस्तक लिहून त्याने सगळं सांगितलं. तोवर पाच वर्षं खोटी बातमी गावोगाव फिरली होती. खेळाला दोष दिला की त्या पोराच्या एकटेपणाबद्दल कोणालाच काही विचारावं लागत नाही. मला याचाच जास्त त्रास होतो.

दुसरी कहाणी पॅट्रिशिया पुलिंग यांची. व्हर्जिनियातल्या या आईच्या मुलाने 1982 मध्ये जीव दिला. त्यांनी खेळाला जबाबदार धरलं, मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांवर खटला भरला आणि तो फेटाळला गेला. 1983 मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध ‘बॅड’ नावाची संघटना काढली. लेकरू गमावलेल्या आईच्या दुःखावर बोट ठेवायची माझी हिंमत नाही. पण त्या दुःखातून निघालेला आकडा तपासायला हवा. खेळाशी जोडलेले 28 मृत्यू असं तेव्हा सांगितलं जाई, आणि त्यात खूनही मोजलेले होते. अमेरिकेत त्या काळात 15 ते 24 वयोगटात दर लाखामागे वर्षाला सुमारे 12 आत्महत्या होत. खेळणारी मुलं दहा लाखच धरा, खरं तर ती जास्त होती. मग खेळाचा काडीचाही संबंध नसताना वर्षाला 120 नावं निघायला हवीत. सगळी वर्षं मिळून 28 नावं हा पुरावा होऊच शकत नाही. हेच गणित मांडून मायकेल स्टॅकपोल या खेळरचनाकाराने 1990 मध्ये पुलिंग यांच्या दाव्यांची एकेक करून तपासणी केली होती. खेळाने मुलं वाचतात असं मी म्हणत नाही. त्या यादीवरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही, इतकंच.

चौथा मुद्दा 2008 चा. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त पसरला. त्या वर्षी 4 मार्चला गायगॅक्स वारला. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला जेन कॉन हा खेळांचा मोठा मेळावा भरला. तिथल्या लिलावात 17 हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि ती गायगॅक्सच्या आवडत्या ‘ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड’ला द्यायची होती. पैसे तिकडे गेले नाहीत. आयोजकांनी सांगितलं की पैसा या खेळाच्या विक्रीतून आला म्हणून संस्थेने नकार दिला. मेसेज इथे थांबतो. पुढे संस्थेने खुलासा केला की अडचण खेळाची नव्हती. आपलं नाव कोणत्याही कार्यक्रमाशी जोडू देण्याबद्दल तिचे नियम होते, ते आड आले. कोणाच्या सांगण्यात किती तथ्य आहे यावर तेव्हा वाद झाला, आजही होईल. पण संस्था स्वतःच जे कारण नाकारते, ते तिच्या तोंडी घालून त्याला ‘ख्रिस्ती निर्णय’ म्हणणं खोटं आहे. आणि गायगॅक्सच्या हयातीत त्याची ही आवडती संस्था होती, म्हणजे त्याच कमाईतला पैसा आधीही त्या मुलांपर्यंत गेला असणार. लिलावाची रक्कम शेवटी फिशर हाउसला मिळाली. ही संस्था इस्पितळात असलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना फुकट राहायला जागा देते. त्या घरांत राहणाऱ्या एकाही आईला उशी कुठल्या पैशातून आली, हे विचारावंसं वाटलं नसेल.

राहिला शास्त्राचा मुद्दा, आणि मला मुळात यासाठीच लिहायचं होतं.

मेसेज बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 23:18 हे वचन दाखवतो. वेश्येची कमाई नवसासाठी देवाच्या घरात आणू नये. ते वचन मी मानतो. पण त्या कमाईत माणूस विकला गेलेला असतो. दुसरं वचन मत्तय 27 मधलं. येशूला धरून देण्यासाठी मिळालेले तीस रुपये यहूदाने मंदिरात फेकले तेव्हा याजक म्हणाले, हे रक्ताचं मोल, दानकोशात टाकता येणार नाही. हेच रुपये त्यांनीच मोजून दिले होते. देताना कोणाला काही वाटलं नाही, परत आल्यावर शुद्ध-अशुद्ध आठवलं. आणि मग त्याच पैशातून त्यांनी कुंभाराचं शेत घेतलं, परक्यांना पुरण्यासाठी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: हा पैसा मिळवताना कोणाचं रक्त सांडलं, कोणाला विकलं? त्या प्रश्नाचं उत्तर भाच्याच्या पाकिटाबाबत द्या. शंभर रुपये देऊन एक दुपार टेबलाभोवती बसलेल्या पोरांमध्ये नागवलं कोण गेलं?

हा प्रश्न नगरच्या ख्रिस्ती माणसाला परका नाही. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि ज्याच्या अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत माझे आजोबा शिकले, त्याच बोर्डाने 1905 मध्ये तेलसम्राट जॉन रॉकफेलरकडून 1 लाख डॉलर घेतले. ओहायोतले पाळक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा आक्षेप वजनदार होता: स्पर्धकांना चिरडून, रेल्वेकडून छुप्या सवलती उकळून आलेला हा पैसा आहे. पुढे उघड झालं की बोर्डाने ही देणगी स्वतःहून मागितली होती. बोर्डाने ती ठेवून घेतली. ग्लॅडन बरोबर होते की बोर्ड, यावर दोन मतं होऊ शकतात. पण वाद कसा घालावा हे ग्लॅडनकडून शिकावं. त्यांनी पैसा आला कसा हे पाहिलं. आमच्या कमिटीने फक्त खेळाचं नाव ऐकलं.

आणि मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात काय लिहितो? बाजारात मिळेल ते विवेकासाठी चौकशी न करता खा. दुसऱ्याच्या दुबळ्या विवेकाला ठेच लागत असेल तर जपा, हेही तोच लिहितो. म्हणून एखाद्या वडीलधाऱ्याला या खेळाने खरंच अस्वस्थ वाटत असेल तर त्यांनी खेळू नये, आणि भाच्याने त्यांच्यासमोर फासे काढू नयेत. मी त्याला ते सांगितलंय आणि त्याने मानलंय. पण ब्लँकेटं त्या वडीलधाऱ्यांना पांघरायची नाहीत.

दर वर्षी कापणीच्या सणाला आम्ही वेदीपुढे भाजी, धान्य, कोंबड्या ठेवतो आणि उपासनेनंतर लिलाव करतो. गेल्या वर्षी एक तांबडा भोपळा 1,500 रुपयांना गेला, आणि घेणाऱ्याने तो लगेच परत दिला, पुन्हा बोली लागावी म्हणून. टाळ्या वाजल्या. बोली लावणाऱ्याला कोणी विचारलं नाही की हे पैसे व्याजाचे, जमिनीच्या दलालीचे की पगाराचे.

पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर भाच्याच्या अक्षरात ‘ब्लँकेट 9,200’ असं लिहिलेलं आहे. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर मी त्याच्याबरोबर ते घेऊन कमिटीपुढे पुन्हा जाणार आहे. मेसेज पाठवणाऱ्या सात-आठ जणांनीही यावं. खेळाचं पुस्तक मी सोबत आणतो, त्यातला मंत्र त्यांनी मला शोधून दाखवावा.